सात हजार नऊशे एकोणीस

अण्णांनी मला आपल्या शेजारच्या टेबलावर बसवून घेतलं ते माझं अक्षर बघून नव्हे, आणि हुशारी बघून तर नव्हेच. माझा हजेरी नंबर चारशे शहाण्णव होता, म्हणून. तोवर मी उसाच्या फडांवर सायकलनं हिंडून तोडीच्या चिठ्ठ्या वाटणारा चिटबॉय होतो, आणि आमच्या कारखान्यात चिटबॉय म्हणून लागलेला माणूस चिटबॉय म्हणूनच म्हातारा व्हायचा. पण एके दिवशी शेतकी विभागाच्या या हेडक्लार्कनं माझा नंबर वाचला, चष्मा काढला, पुसला आणि पुन्हा वाचला. चारशे शहाण्णवला ज्या ज्या संख्यांनी पूर्ण भाग जातो त्या सगळ्यांची बेरीज केली, ती स्वतः तेवढी सोडून, तर परत बरोबर चारशे शहाण्णवच भरतात. अशा संख्येला परिपूर्ण संख्या म्हणतात आणि दहा हजारांच्या आत अशा चारच आहेत, हे मला त्या दिवशी कळलं. पुढच्या सोमवारी मी कारकून झालो. इतक्या शास्त्रीय पायावर बढती मिळालेला माणूस सहकार क्षेत्रात दुसरा नसावा. बाकीच्यांना ती चेअरमनच्या घराण्यात सोयरीक जुळल्यावर मिळायची.

ते मला नावानं कधी हाक मारत नसत. "चारशे शहाण्णव, नांदूरघाट गटाची यादी काढ," असं म्हणायचे. मी रोज दहा मिनिटं उशिरा यायचो. परिपूर्ण संख्येला उशीर कसा होऊ शकतो हे कोडं त्यांना शेवटपर्यंत सुटलं नाही. नंतर नंतर ते माझ्याकडं बघून नुसती मान हलवायचे. एखाद्या मोठ्या घराण्यात निपजलेल्या दिवट्याकडं बघावं तसे.

अण्णा मूळचे नांदूरघाटचे, आणि अंबाजोगाईला गणित घेऊन बी.एस्सी. झालेले. आधी एका शाळेत मास्तर होते. तिथं त्यांनी मुलांना उंचीनं न बसवता हजेरीच्या नंबरानं बसवलं, म्हणजे ज्याच्या नंबराला जितके भाजक तितक्या नंबरचा बाक. दोन, तीन, पाच, सात, अकरा असल्या मूळ संख्यांना दोनच भाजक, एक आणि ती स्वतः. सगळे पुढच्या रांगेत. संस्थाचालकांच्या चिरंजिवांचा नंबर होता चोवीस. चोवीसला भाजक आठ. चिरंजीव आठव्या बाकावर गेले, आणि आठवा बाक खिडकीतून बाहेर बघण्यासाठी असतो हे चिरंजिवांनी घरी सांगितलं. संस्थेनं अण्णांना वर्षाच्या शेवटी मोकळं केलं. त्यांना वाईट वाटलं ते नोकरीचं नव्हे. नव्या मास्तरांनी मुलं पुन्हा उंचीनं बसवली, याचं.

मग ते कारखान्यात आले. आमच्याकडं माणसांचे चार वर्ग होते: कायम, हंगामी कायम, हंगामी आणि रोजंदारी. अण्णा बावीस वर्षं हंगामी कायम होते. म्हणजे दरवर्षी बॉयलर पेटायच्या आधी 'हजर व्हावे' अशी चिठ्ठी यायची आणि गाळप संपून पट्टा पडला की घरी जायचं. हे वर्गीकरण त्यांना अजिबात पटत नसे. "एकच वस्तू हंगामी बी अन् कायम बी कशी आसल?" ते विचारायचे. "सम बी अन् विषम बी, असं कुठं हाय का?" यावर व्यवस्थापनाचं म्हणणं असं होतं की गणितात नसेल, कारखान्यात असतं.

माणसं नंबरावरून ओळखायची या त्यांच्या खोडीनं एकदा दोन डोकी फुटली. दोनशे वीस नंबरचा फिटर आणि दोनशे चौऱ्याऐंशी नंबरचा वॉचमन यांना अण्णांनी एका खोलीत क्वार्टर दिलं. कारण काय, तर स्वतःला सोडून दोनशे वीसच्या भाजकांची बेरीज दोनशे चौऱ्याऐंशी येते आणि दोनशे चौऱ्याऐंशीच्या भाजकांची दोनशे वीस. या म्हणे मित्रसंख्या. तीन आठवड्यांत दोघांनी नळाच्या पाळीवरून एकमेकांना बादलीनं हाणलं. मी टाके घालून आलेल्या फिटरला घेऊन अण्णांसमोर उभा राहिलो. अण्णांनी त्याच्या कपाळाची पट्टी नीट पाहिली आणि म्हणाले, संख्यांची चूक नाही, हीच माणसं आपल्या नंबराला लायक नाहीत.

चेअरमनसाहेबांचा मात्र वेगळा अभ्यास होता. त्यांच्या तिन्ही गाड्यांच्या नंबरांची बेरीज नऊ यायची. फोनची नऊ यायची. गाळपाची पहिली मोळी टाकायचा मुहूर्त नऊ वाजून नऊ मिनिटांचा असायचा आणि त्यासाठी अख्खा कारखाना उन्हात तिष्ठत उभा राहायचा. अण्णा हे बघून कळवळायचे. बेरीज नऊ येणं म्हणजे त्या संख्येला नऊनं भाग जाणं, याहून त्यात काडीचं काही नाही, असं ते भर चहाच्या टपरीवर सांगायचे. "नऊनं भाग तर अठराला बी जातो. मग अठराला चेअरमन करायचं का?" टपरीवाला खूण करायचा, पण अण्णांना खूण कळत नसे.

त्यांच्या कपाटात उसाच्या नोंदीची एक जुनी, कोरी राहिलेली मोठी वही होती. तीत त्यांनी एकपासून दहा हजारांपर्यंतचे आकडे लिहिले होते आणि मग चाळणी लावली होती. दोनच्या पटीतले सगळे निळ्या पेन्सिलीनं खोडायचे, मग तीनच्या, मग पाचच्या, मग सातच्या, असं करत करत जे खोडता येत नाहीत ते राहतात. त्या मूळ संख्या. कुणाच्या पटीत न येणाऱ्या, कुणाला पूर्ण वाटून न घेता येणाऱ्या. या उद्योगाला त्यांची चार वर्षं गेली. वहीत एकच आकडा लाल पेन्सिलीनं गोल केलेला होता: सात हजार नऊशे एकोणीस. ही ओळीनं मोजत गेलं तर हजारावी मूळ संख्या. अण्णा तिच्याबद्दल बोलायला लागले की गावच्या पैलवानाबद्दल बोलतात तसं बोलायचे. एकोणनव्वदचा वर्ग तिच्यापेक्षा फक्त दोननं मोठा. तिला फोडून बघायला तेवीस भागाकार करावे लागतात आणि तेवीसच्या तेवीस हात हलवत परत येतात. उलटी लिहिली की मात्र नऊ हजार एकशे सत्त्याण्णव होते आणि सतरानं फुटते. सतरा गुणिले पाचशे एक्केचाळीस. आणि हे पाचशे एक्केचाळीस म्हणजे शंभरावी मूळ संख्या. एवढं सांगून ते आमच्याकडं बघायचे. आम्ही 'वा' म्हणायचो आणि चहा प्यायचो.

त्यांचं म्हणणं होतं की ही संख्या वहीत बसून राहण्यासाठी नाही. कधीतरी ती खरोखरीच्या वस्तूंच्या मोजणीत समोर यावी, एवढी त्यांची इच्छा होती. इतकी साधी इच्छा असलेला माणूस मी दुसरा पाहिला नाही, आणि इतक्या साध्या इच्छेनं कुणाचं नुकसान होईल असं मला वाटलंही नव्हतं.

मग तो दुष्काळ आला. महसूल मंडळाच्या पर्जन्यमापकात दोन महिने शून्य नोंदलं गेलं. अण्णा म्हणाले, शून्याला कुठल्याही संख्येनं भाग जातो, त्यामुळं यंदाचा पाऊस सगळ्या गावांना अगदी सारखा वाटला गेलाय, सहकाराचं तत्त्व यापेक्षा चांगलं कुणी पाळलेलं नाही. विहिरी तळाला गेल्या. तेलगावकडचा ऊस उभ्या उभ्या वाळायला लागला, तेव्हा तो जळायच्या आत तोडायचा म्हणून संचालक मंडळानं मिळतील तेवढ्या टोळ्या बोलावल्या. जिल्ह्यातून पश्चिमेकडं जाणारी माणसं त्या वर्षी आपल्याच जिल्ह्यात ऊस तोडायला राहिली. त्यांचा तळ कारखान्याच्या मागं माळावर पडला, पाचटाच्या खोप्यांचा, आणि तिथं प्यायला थेंब नव्हता.

इथं आमच्या मोजण्याची एक रीत सांगितली पाहिजे. उसाच्या धंद्यात माणसं मोजत नाहीत, कोयते मोजतात. एक कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी: तो तोडणार, ती मोळ्या बांधणार. पंधरा कोयत्यांची टोळी म्हणजे तीस माणसं. एकटं माणूस आलंच, तर तो 'अर्धा कोयता'. मुकादम असला अर्धा कोयता शक्यतो घेत नाहीत, आणि घेतला तर कागदावर धरत नाहीत. आमचा यादीचा छापील नमुनाही तसाच होता. प्रत्येक ओळीला दोन घरं, एक त्याचं, एक तिचं. पाण्याचं कार्डही त्याच मापाचं ठरलं. एका कोयत्याला एक कार्ड, एका कार्डाला दिवसाला एक ड्रम. टोळ्यांची यादी शनिवारी तहसिलीत द्यायची आणि सोमवारपासून टँकर सुरू, असा हुकूम होता.

बुधवारी दुपारी अण्णांनी सगळ्या टोळ्यांची बेरीज केली. मग पुन्हा केली. मग ते उठून उभे राहिले आणि मला म्हणाले, "चारशे शहाण्णव, सगळ्यांना चहा सांग." बावीस वर्षांत अण्णांनी चहा सांगितल्याची ही पहिलीच वेळ होती, त्यामुळं कुणीतरी गेलं असावं असं समजून आम्ही गंभीर झालो. तीन हजार नऊशे एकोणसाठ कोयते, म्हणजे सात हजार नऊशे अठरा माणसं. आणि एका मुकादमाच्या यादीत तळाशी, समासात, पेन्सिलीनं लिहिलेलं एक नाव. सात हजार नऊशे एकोणीस. अण्णांनी तरीही तेवीस भागाकार करून पाहिले.

"हे एक कोन हाय?" त्यांनी विचारलं. "बोलवा. बघू तरी."

ती कौसाबाई. वय पस्तिशीच्या आसपास, उन्हानं रापलेली, कमरेला पदर खोचलेला. नवरा दोन हंगामांपूर्वी फडातच पान लागून, म्हणजे साप चावून, गेलेला. आता ती एकटी तोडायची आणि आपल्या मोळ्या आपणच बांधायची. तळावर पहिले काही दिवस तिला ही जोडी एक घागर दे, ती जोडी एक कळशी दे, असं चालून गेलं. उन्हं तापली तशी माणसं आटली. मुकादमानं तिला सांगितलं होतं की सोमवारपर्यंत तुझ्या नावाचं कार्ड झालं तर राहा, नाहीतर आपली वाट धर. दुसऱ्याच्या ड्रमावर तळात भांडणं नकोत. गावाकडं परत जायचं तर तिथंही ना काम ना पाणी. ती फडावरून तशीच, हातातला कोयता दाराशी ठेवून आत आली. साहेबांनी बोलावलं म्हणजे कार्ड झालं, असं तिला वाटलं असणार.

अण्णांनी तिला खुर्ची दिली. आमच्या विभागात ऊसतोड बाईला खुर्ची देण्याचा प्रसंग आधी आलेला नसल्यानं ती खुर्चीशेजारी उभी राहिली. मग अण्णांनी वही उघडून तिला ती संख्या दाखवली. ती फुटत नाही, हजारावी आहे, आणि तुम्ही नसतात तर ती नुसती सात हजार नऊशे अठरा असती, जिला दोननं, सदतीसनं, एकशे सातनं कशानंही भाग जातो, हे सगळं त्यांनी अगदी मन लावून समजावलं. कौसाबाईनं सगळं ऐकून घेतलं.

"मंग माझं कार्ड झालं का?" ती म्हणाली.

अण्णांचं बोट लाल गोलावर तसंच राहिलं. मला वाटतं, त्यांना त्या क्षणापर्यंत ती संख्या दिसत होती, बाई दिसली नव्हती. ते खुर्चीत बसले. कार्ड का झालं नाही ते त्यांनी मला विचारलं, आणि मी नमुना पुढं केला. दोन घरं. एक रिकामं राहिलं तर ओळ बाद, असं खाली बारीक टाइपात छापलेलंच होतं.

आमचे शेतकी अधिकारी हे अडचणीतून मार्ग काढण्यासाठी प्रसिद्ध होते. त्यांनी पाच मिनिटांत मार्ग काढला. नवऱ्याचं नाव लिहून टाका, म्हणाले. गेलेला असला म्हणून काय झालं, नाव तर आहे ना? शिवाय एकूण सात हजार नऊशे वीस होतात. सम तर सम, आणि सात, नऊ, दोन मिळून अठरा, अठराचे नऊ, चेअरमनसाहेब खूश. साठ भाजक आहेत हो त्या संख्येला, अण्णा, असं ते हसून म्हणाले, कारण अण्णांची मर्जी सांभाळायची त्यांची ती पद्धत होती. भाजक खरोखर साठच आहेत. अण्णांनी ते मनात मोजले आणि क्षणभर ते खचल्यासारखे दिसले.

मी दाराबाहेर थांबलेल्या कौसाबाईला जाऊन विचारलं. तिनं पदरानं तोंड पुसलं.

"गेलेल्या मानसाचं नाव पान्यासाठी लिवू नका," ती म्हणाली. "अन् दुसऱ्या कुनाचं बी नको. मला नवरा न्हाई मागायचा, साहेब. कार्ड मागायचंय."

अधिकाऱ्यांनी लगेच दुसरा मार्ग काढला. त्यांच्याकडं मार्गांना तोटा नव्हता. अर्धा कोयता तर अर्धा कोयता. तीन हजार नऊशे साडेएकोणसाठ कोयते लिहा, कार्ड अर्धं फाडून द्या, अर्धा ड्रम मिळेल, बाई एकटीच तर आहे. व्यवहार म्हणून यात काहीच वावगं नव्हतं. मलाही तो पटला आणि मी कात्री शोधायला लागलो.

"न्हाई," अण्णा म्हणाले. "बाई पूर्णांक हाय."

अधिकारी समजावू लागले की अण्णा, प्रश्न पाण्याचा आहे, गणिताचा नाही. अण्णांनी कागदावर सही करायला नकार दिला. यादीवर हेडक्लार्कची सही लागते, म्हणून प्रकरण चेअरमनांपर्यंत गेलं. चेअरमनसाहेबांनी सात हजार नऊशे एकोणीसची बेरीज केली. सव्वीस. सव्वीसचे आठ. आठ म्हणजे शनी. दुष्काळ कशामुळं पडला ते आता त्यांच्या ध्यानात आलं. त्यांनी सांगितलं की एक नाव कमी करा, सात हजार नऊशे अठराचे पंचवीस आणि पंचवीसचे सात होतात, सात चालतंय, आणि बाईला तिच्या गावाकडं सोडायला कारखान्याचा ट्रॅक्टर द्या. मोठ्या मनाचे होते. ट्रॅक्टरचं तर कुणी मागितलंही नव्हतं.

गुरुवारी आणि शुक्रवारी अण्णांनी मला दुसरं काहीही करू दिलं नाही. मुकादमांच्या मूळ याद्या घेऊन आम्ही दोघं बसलो. त्यांनी कोयत्याचे सगळे नंबर खोडले आणि प्रत्येक नावापुढं स्वतंत्र नंबर टाकायला लावला: तो एक, ती दोन, पुढचा तीन, पुढची चार. आठ हजाराच्या आसपास नावं. माझं बोट सुजलं. मध्येच मी विचारलं की हे कशाला करायचं, तर म्हणाले की सरकारी कागदात पाणी डोईमागं असतं, जोडीमागं नसतं, मी नियम वाचलाय, तू वाचला नाहीस. कौसाबाईच्या टोळीची यादी त्यांनी अर्थातच सगळ्यात शेवटी ठेवली, म्हणजे तो नंबर तिच्याच नावापुढं यावा. तेवढा मोह त्यांना आवरला नाही. शनिवारी अधिकाऱ्यांची सही नसलेली ती यादी पिशवीत घालून ते एस.टी.नं तहसिलीत गेले. तहसिलीतल्या बाबूनं ती नमुन्याबाहेरची म्हणून आधी परत केली. अण्णांनी नियम वाचून दाखवला. बाबूनं आयुष्यात पहिल्यांदा नियम ऐकला असावा, कारण त्यानं यादी घेतली.

सोमवारी कार्डं आली ती माणशी एक. तळावर गोंधळ उडाला. बायकांनी आपापलं कार्ड हातात धरून आपलं नाव दुसऱ्याकडून वाचून घेतलं, पुन्हा पुन्हा. पण टँकर काही वाढले नव्हते. एका जोडीला आता दोन कार्डं, तेव्हा एका कार्डाला अर्धा ड्रम असं ठरलं. म्हणजे जोड्यांना पूर्वीइतकंच पाणी आणि कौसाबाईला अर्धा ड्रम. कात्री लावली असती तरी तिला एवढंच मिळालं असतं. अधिकारी मुद्दाम आमच्या खोलीत आले. मी हेच सांगत होतो, म्हणाले, एवढा उपद्व्याप केलात आणि फरक काय पडला?

"तुमच्या अर्ध्यात बाई अर्धी हुती," अण्णा म्हणाले. "ह्या अर्ध्यात पानी अर्धं हाय."

अधिकाऱ्यांना हे कळलं नाही. मलाही तेव्हा पूर्ण कळलं होतं असं नाही. पण कौसाबाई राहिली. पट्टा पडेपर्यंत तिनं ऊस तोडला आणि रोज टँकरपुढं आपल्या ड्रमाशी आपण उभी राहिली. वार्षिक अहवालात चेअरमनसाहेबांनी मजुरांची संख्या सात हजार नऊशे वीस छापून घेतली, त्यामुळं पुढच्या पावसाचीही सोय झाली.

हंगाम संपला तेव्हा कार्डं परत घ्यायची होती. खिडकीवर अण्णा आणि मी बसलो होतो. कौसाबाईची पाळी आली तेव्हा तिनं कार्ड पुढं केलं आणि सोडलं नाही. रेशनच्या कार्डावर ती सासऱ्याची सून होती, आणि मतदार यादीत अजून नवऱ्याची बायको. तिचं एकटीचं नाव लिहिलेला हा पहिलाच कागद होता. "ठिवलं तर चालल का, साहेब?" तिनं विचारलं. अण्णांनी चालत नाही असं स्पष्ट सांगितलं, मग माझ्याकडं वळून किती वाजले ते विचारलं, आणि मी घड्याळ बघून सांगेपर्यंत भिंतीवरच्या कॅलेंडरकडं बघत बसले. आम्ही वळलो तेव्हा खिडकीत पुढचा माणूस होता.

एक कार्ड कमी भरलं. एवढ्या मोठ्या संख्येत एक, पण अधिकाऱ्यांनी कार्डं स्वतः मोजली. आयुष्यात त्यांनी एवढं मन लावून काही मोजलं नसेल. हेडक्लार्कच्या निष्काळजीपणामुळं सरकारी कार्ड गहाळ, असं निवेदन लिहायचं ठरलं आणि साक्षीला माझी सही मागितली. मी टाळाटाळ करत होतो. अण्णांनीच मला ते निवेदन सांगितलं, स्वल्पविरामासकट, आणि म्हणाले, "कर सही. तुला लेकरंबाळं हायत." मी केली. फार विचार केला नाही, हे खरं सांगतो.

पुढच्या साली बॉयलर पेटायच्या आधी अण्णांना चिठ्ठी गेली नाही. बावीस वर्षं ते हंगामी कायम होते, त्यातलं कायम एका दिवसात गळून पडलं. त्यांचं टेबल मला मिळालं, कपाट मिळालं आणि कपाटातली वहीही राहिली होती. ती मी एस.टी.च्या कंडक्टरबरोबर नांदूरघाटला पाठवून दिली. स्वतः नेऊन द्यायची माझी छाती झाली नाही. मला लाज वाटत होती, आणि आजही वाटते.

पाऊस त्या वर्षी बरा झाला होता. टँकर बंद, कार्डं बंद, छापखान्यातून यादीचा जुना नमुना पुन्हा आला. मोळीच्या आदल्या आठवड्यात टोळ्यांची नोंदणी चालू असताना कौसाबाई आली. तिनं प्लास्टिकच्या पिशवीतून ते कार्ड काढलं आणि माझ्या टेबलावर ठेवलं. माझ्या सहीनं गहाळ झालेलं कार्ड, माझ्याच टेबलावर. एक कडा झिजली होती, आकडा मात्र स्वच्छ दिसत होता. तिनं आधी ते साहेब कुठं हायत म्हणून विचारलं. मी म्हटलं, घरी असतात आता. मग तिनं आकड्यावर बोट ठेवलं.

"माझं नाव हाय तुमच्याकडं लिवलेलं," ती म्हणाली. "तसंच लिवा."

शेजारच्या खोलीत अधिकारी फोनवर बोलत होते. दार उघडं होतं. नियम काय आहे ते मला पाठ झालं होतं, आणि मुकादमाच्या यादीवर लाल पेन्सिलीनं एक नंबर टाकायला किती वेळ लागतो तेही. मी नमुना तिच्याकडं फिरवला आणि दुसरं रिकामं घर दाखवलं. जोडीदार लागतो बाई, म्हणालो.

ती भांडली नाही. कार्ड उचललं, पिशवीत घातलं, पिशवीची घडी करून कमरेला खोचली आणि गेली.

त्या हंगामात आमची बेरीज सम आली.